निबंध नाकारण्याचा अधिकार

राज्यशास्त्राच्या चर्चासत्रांना मी गेली कित्येक वर्षे जात आलो आहे, आणि एवढ्या काळात नोंदणी शुल्क भरलेल्या कोणाचाही निबंध नाकारला गेल्याचे मला आठवत नाही. निबंध चर्चासत्राच्या विषयाशी जुळत नसेल, तर माहितीपत्रकातल्या उपविषयांच्या यादीत शेवटी ‘इतर अनुषंगिक विषय’ अशी एक ओळ असते आणि तिच्यात सगळे सामावते. ही उदारता वरवर पाहता लोकशाहीला धरून आहे असे वाटते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. जिथे निबंध नाकारला जाऊच शकत नाही, तिथे तो कोणी वाचतही नाही. म्हणून कोल्हापुरातल्या राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांनी राजकीय सिद्धांतावरची आपली परिषद स्वतः भरवावी, तिच्यासाठी आलेले निबंध स्वतः वाचावेत आणि त्यांतले बरेचसे, कारण कळवून, नाकारावेत.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात जेवणानंतरच्या सत्राला मी बसलो होतो. उद्घाटन लांबल्यामुळे सकाळचे एक सत्र दुपारच्या सत्रात मिसळले गेले होते आणि दीड तासात २२ निबंध उरकायचे होते. चंदगडहून पहाटेच्या एसटीने आलेली एक संशोधक विद्यार्थिनी सतराव्या क्रमांकावर होती. तिचा निबंध बंधुतेवर होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य ही रंगाच्या वरवरच्या लेपासारखी ठरतील असे बजावले होते. तिचा प्रश्न त्यावरचा होता. समतेचा भंग झाला तर न्यायालयात जाता येते, स्वातंत्र्याचा झाला तरी जाता येते. बंधुतेचा भंग झाला म्हणून कोणाच्या दारात उभे राहायचे, आणि तसे दारच नसेल, तर उद्देशिकेतल्या त्या शब्दाकडे नागरिकाने काय म्हणून पाहायचे? हा प्रश्न तिच्या निबंधाच्या तिसऱ्या पानावर होता. पहिल्या पानावर संविधाननिर्मितीचा इतिहास होता, कारण सगळ्यांच्याच पहिल्या पानावर तो असतो, आणि घंटा दुसऱ्या पानावर वाजली. सत्राध्यक्षांनी समारोपात सर्वच निबंध अभ्यासपूर्ण असल्याचे सांगितले. ते तिसरे पान मी वाचले ते संध्याकाळी स्टँडवर, गाडीची वाट पाहताना तिने कागद हातात दिले म्हणून.

ते पहिले पान काढून टाक आणि तिसऱ्या पानापासून सुरुवात कर, एवढे सांगणारा एक वाचक तिला महिनाभर आधी भेटायला हवा होता. तो भेटला नाही, कारण त्या चर्चासत्राच्या यंत्रणेत निबंध आधी वाचण्याचे काम कोणाकडेही सोपवलेले नव्हते. निबंध आला, शुल्क जमा झाले, नाव यादीत चढले.

याचा दोष त्या एका महाविद्यालयाला देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि चर्चासत्रांत दोन निबंध वाचणे सक्तीचे केले. त्याआधीपासूनच प्राध्यापकांच्या बढतीसाठी चर्चासत्रांचे गुण मोजले जात होते. जिथे कागदाला भाव येतो, तिथे कागद छापणारेही उभे राहतात, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. २०२२ च्या नियमावलीने संशोधकांवरची ती सक्ती काढून टाकली. सवय मात्र राहिली. प्रमाणपत्रांच्या टेबलाजवळची रांग आजही समारोपाच्या भाषणाआधीच लागते. तरीही या बदलाने एक संधी दिली आहे, जिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. आता निबंध वाचला नाही म्हणून कोणाचा प्रबंध अडत नाही. नाकारण्याने कोणाच्या पदवीवर घाला येत नसेल, तर नाकारायला हरकत कोणती?

अशा परिषदा इतरत्र भरतात. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात राजकीय सिद्धांताचे संशोधक विद्यार्थीच अशी परिषद भरवतात. इतर विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून आलेल्या निबंधांतून ते मोजके निवडतात, ते आधीच सगळ्यांना पाठवतात, आणि एका सत्रात एकाच निबंधावर बोलणे होते. त्या निबंधावर पहिली टिप्पणी यजमान विद्यापीठातला विद्यार्थीच करतो. मग प्राध्यापक आणि विद्यार्थी यांचे प्रश्न सुरू होतात. त्या विद्यापीठाकडे जो पैसा आहे तो आपल्याकडे नाही, आणि तिथले सगळेच उचलावे असेही नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टींपैकी एकीलाही पैसा लागत नाही, हे लक्षात घ्यावे. निबंध आधी वाचणे फुकट असते.

हे सर्वच विषयांत करावे असा माझा आग्रह नाही. राजकीय सिद्धांताची गोष्ट वेगळी आहे. राधानगरी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या महिला सदस्यांवर कोणी निबंध लिहिला, तर सत्रात एकही प्रश्न आला नाही तरी त्यातली माहिती जागेवर राहते. पुढचा अभ्यासक ती वापरू शकतो. सिद्धांताच्या निबंधात असा आधाराला धरण्याजोगा तक्ता नसतो. तिथे एक युक्तिवाद असतो, आणि समोरून कोणी तो अडवल्याशिवाय तो पक्का आहे की पोकळ, हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. मार्गदर्शकाने अडवून हे काम पुरते होत नाही. मार्गदर्शकापुढे विद्यार्थी मान डोलावतो, बरोबरीच्या माणसापुढे तो भांडतो.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्याच घरातले आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. आंबेडकरांचा तो निबंध आज आपण ग्रंथ म्हणून हाताळतो, त्यामुळे तो मुळात एका वर्गात वाचलेला विद्यार्थ्याचा निबंध होता हे विसरायला होते. त्यात त्यांनी आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, आणि त्यांत श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढचे ज्ञानकोशकार, यांचीही होती. केतकरांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असतानाच जातीवर लिहिले होते. त्यांच्या व्याख्येला आंबेडकरांनी इतरांपेक्षा अधिक मान दिला आणि मग तिच्यावर नेमके बोट ठेवले. केतकर जातीची दोन लक्षणे सांगतात, जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व. पण आंबेडकरांच्या मते ही दोन लक्षणे नाहीतच, विवाह बंद केला की सदस्यत्व आपोआप जन्मावर येऊन ठेपते, तेव्हा त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. केतकरांचे लेखन कोणी तरी ओळन् ओळ वाचले होते म्हणून हे वाक्य शक्य झाले. एका मराठी विद्यार्थ्याचे म्हणणे दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने इतक्या काळजीने खोडून काढावे, यासाठी दोघांनाही सातासमुद्रापार जावे लागले, आणि हे बोलणे इंग्रजीत झाले. शंभराहून अधिक वर्षांनंतर ते कोल्हापुरात विद्यानगरच्या टेकडीवर, शिवाजी विद्यापीठात, मराठीत व्हायला काय अडचण आहे, हा माझा साधा प्रश्न आहे.

आता संयोजकांकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. चर्चासत्राचा संयोजक म्हणजे हार, शाल, श्रीफळ, पाहुण्यांची गाडी आणि जेवणाची कुपने सांभाळणारा माणूस अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात कोण बोलणार, किती वेळ, कोणत्या भाषेत, कोणानंतर आणि कोणाच्या अध्यक्षतेखाली, हे ठरवणारा माणूस सत्ताच वापरत असतो. फक्त ती कुपनांच्या आड दिसत नाही. महात्मा फुल्यांना ती दिसली होती. १८८५ साली पुण्याच्या ग्रंथकार सभेसाठी न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना पत्र पाठवले, तेव्हा फुल्यांनी येण्यास नकार दिला आणि सभा भरवणाऱ्या उच्चवर्णीय ‘घालमोड्या दादां’ची जी संभावना केली ती सर्वश्रुत आहे. त्या उत्तराकडे आपण सहसा त्यातल्या रागामुळे पाहतो. मला त्यातला युक्तिवाद अधिक महत्त्वाचा वाटतो: जे लोक माणसांचे हक्क खुशीने आणि उघडपणे त्यांना देत नाहीत, त्यांनी भरवलेल्या सभेशी आमचे विचार जुळतील कसे? सभेत काय बोलले गेले याच्याही आधी सभा कोणी भरवली हे विचारणे, हा राजकीय सिद्धांतातलाच प्रश्न आहे, आणि तो मराठीत १८८५ सालीच विचारला गेला आहे.

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स शिकवतो. १९७१ साली मांडलेल्या त्याच्या न्यायविचारात ‘अज्ञानाचा पडदा’ येतो: आपण कोणत्या घरात, कोणत्या स्थितीत जन्मणार हे ठाऊक नसलेली माणसे समाजाचे नियम ठरवतील, तर ते नियम न्याय्य असतील. विद्यार्थी हे उत्तरपत्रिकेत दहा गुणांसाठी लिहितात. निबंधावरचे नाव झाकून तो दोघांनी वाचणे ही त्याच पडद्याची लहानशी चिंधी आहे, आणि महाराष्ट्रात ती औपचारिकता नाही. आपल्याकडे आडनाव वाचले की गाव, जात आणि बहुतेकदा मार्गदर्शकसुद्धा कळतो. नाव झाकले तरी सगळे झाकले जात नाही, हेही खरे. भाषेवरून शहर की खेडे हे कळते, संदर्भांवरून कोणते ग्रंथालय हाताशी होते ते कळते. निवड समितीतल्या विद्यार्थ्यांना ही भोके स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील. रॉल्सवरचे आक्षेप पाठ करण्यापेक्षा एखाद्या निबंधातली अशुद्ध वाक्ये पाहून आपण तो खाली टाकला का, हे एकमेकांना विचारण्यात ते आक्षेप अधिक नीट समजतील.

या सूचनेवर जे आक्षेप येतात त्यांतला एकच मला जड वाटतो. तो असा की, ज्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी एम.ए. झाले आहे, अशांना आजवर प्रत्येक दाराने नाकारलेच आहे. तेव्हा सगळ्यांना सामावून घेणारे चर्चासत्र कितीही ढिसाळ असले तरी ते उघडे दार आहे, आणि तुम्ही तेही गुणवत्तेच्या नावाने लावून घेता आहात. ज्या शहरात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांचा मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला, तिथे हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. माझे उत्तर अपुरे आहे, पण ते असे. त्या चंदगडच्या विद्यार्थिनीला दार उघडेच मिळाले होते. आत गेल्यावर तिला चार मिनिटे आणि एक घंटा मिळाली. शाहू महाराजांच्या त्या हुकमाने कारभारातली प्रत्यक्ष पदे दिली. त्यांची तुलना प्रेक्षकांतल्या खुर्चीशी होऊ शकत नाही. ज्याचा निबंध निवडला जात नाही त्याला त्या निबंधावर दोन वाचकांनी लिहिलेले एक पान मिळाले, आणि निवडलेल्या एखाद्या निबंधावर टिप्पणी करण्याचे निमंत्रण मिळाले, तर त्याच्या पदरात आजच्यापेक्षा अधिक पडते. काहींना तरीही वाईट वाटेल. ते टाळता येईल असे मी म्हणत नाही.

बाकीचे आक्षेप हलके आहेत. विद्यार्थी गटबाजी करतील, आपल्याच लोकांना निवडतील, असे म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या बीजभाषकांची यादी एकदा समोर ठेवावी. विद्यार्थी अजून तयार नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हातकणंगले तालुक्यातल्या माणगावची आठवण ठेवावी. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष आंबेडकर २८ वर्षांचे होते, आणि लंडनमधला त्यांचा अभ्यास पैशांअभावी अर्धवट राहिलेला होता. तो पुरा करायला ते त्याच वर्षी परत गेले. शाहू महाराज त्या परिषदेला स्वतः हजर राहिले.

खर्चाचे म्हणाल, तर फलक, स्मृतिचिन्हे आणि उद्घाटक वजा केले की चहा, जेवण आणि दहा जणांचे एसटी भाडे एवढेच उरते. मुक्कामाची सोय हा कोल्हापूरला कधीच प्रश्न नव्हता. विद्यार्थ्याला आधी डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात ताट द्यावे, हे सूत्र १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून या शहराने पाळले आहे. (ती बोर्डिंगे जातवार आणि धर्मवार निघाली होती. बाहेरगावच्या पाहुण्याला कोणत्या बोर्डिंगात उतरवायचे, हे संयोजकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. परिषदेचे पहिले सत्र तिथेच होऊन जाईल.)

प्रशासनाची अडचण मात्र खरी आहे. अनुदान हवे तर संयोजक म्हणून कायम नोकरीतल्या प्राध्यापकाचे नाव लागते, आणि ज्याच्या नावावर कागद आहे तो साहजिकच जपून विषय निवडतो. या शहरात फेब्रुवारी २०१५ मध्ये गोविंद पानसरे यांच्यावर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर विचारस्वातंत्र्यावर बोलणे हा कोल्हापुरात अभ्यासक्रमातला एक घटक एवढाच राहिलेला नाही. जपून वागणाऱ्या प्राध्यापकाला मी भित्रा म्हणणार नाही. पण ‘एकविसाव्या शतकातील भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने’ हाच विषय वर्षामागून वर्षे का येतो, याचे उत्तर त्या जपण्यात आहे. हा विषय कोणालाच बोचत नाही. अनुदानच मागितले नाही तर सहीचा प्रश्न उरत नाही. एक वर्गखोली आणि विभागप्रमुखांची तोंडी संमती पुरते.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मराठीत परिषद घ्यावी ही सूचना आली की ती सवलत म्हणून समजली जाते: ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांच्यासाठी सोय. मला ती सोय म्हणून नको आहे. मराठीत सिद्धांत मांडताना जे प्रश्न समोर येतात ते इंग्रजीत येतच नाहीत. उदाहरणार्थ, आपण ‘मूलभूत हक्क’ म्हणतो, पण माहितीचा मात्र ‘अधिकार’ म्हणतो. हक्क आणि अधिकार या शब्दांत बोलताना आपण सहज भेद करतो. हक्क सांगायचा किंवा मागायचा असतो, अधिकार गाजवायचा किंवा बजावायचा असतो. हक्काचे घर असते, अधिकाराची खुर्ची असते. अधिकारावरून अधिकारी होतो, हक्कावरून हक्कदार. मग माहितीच्या बाबतीत नागरिकाच्या हाती आपण खुर्चीचा शब्द का दिला? कायद्याच्या भाषांतरात तो हिंदीच्या वाटेने आला असेल, किंवा सरकारी कार्यालयात माहिती मागायला जाणाऱ्याला थोडे अधिकाऱ्यासारखेच वागावे लागते, हे आपल्या कानाला पटले असेल. यावर वीस पानांचा निबंध होऊ शकतो, आणि तो मराठीतच होऊ शकतो. असा निबंध आला तर समितीने तो नाकारू नये अशी माझी शिफारस आहे. पण ती शिफारसच.

एका सत्राला एक निबंध, तर त्याच्यासमोर कोणाला उभे करायचे, हे संयोजकांचे सगळ्यात अवघड काम असेल. कोल्हापूरकराने कुस्तीचा दाखला द्यावा हे ठरलेलेच, तेव्हा तोही देतो. खासबागेच्या मैदानात माती चांगली आहे, पण नुसत्या मातीने कुस्ती रंगत नाही; जोड बरोबर लागावी लागते. जोड लावणाऱ्याला दोन्ही मल्ल तालमीत पाहिलेले असावे लागतात. एक फार भारी पडला की कुस्ती चटपट संपते, आणि दोघेही जपून खेळले की लोक उठून जातात. सत्राध्यक्षांची यादी पदांच्या ज्येष्ठतेनुसार लावणे आपल्याला जमते, ही जोड लावणे आपल्याला अजून जमलेले नाही; ती लावायला निबंध आणि माणूस दोन्ही वाचावे लागतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या ओळखीच्या काही विद्यार्थ्यांनी हे लहान प्रमाणात करून पाहिले. चार निबंधांना जागा होती, अकरा आले. निवड करायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. नकाराचे पत्र लिहायला तिसरी पूर्ण गेली. मी त्या वेळी तिथे होतो, पण मला बोलायची परवानगी नव्हती. मजकुराबद्दल फारसा वाद झाला नाही, अडले ते मायन्यावर. ‘आदरणीय’ लिहावे तर समोरचा आपल्याच वर्गातला, ‘प्रिय’ लिहावे तर नकार देताना ते लबाडीचे वाटते, आणि ‘महोदय’ म्हटले की बँकेचे पत्र होते. नकार आजवर वरून खाली आलेला त्यांना ठाऊक होता, अर्जाच्या उत्तरात, मुलाखतीच्या यादीत. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला नाही कसे म्हणायचे, याचा नमुना कोणाकडेच नव्हता. एकीने मोबाइलवर आजोबांची जुनी पत्रे काढली. शेवटी ‘स. न. वि. वि.’ ठरले, त्याखाली निबंध कोणत्या पानावर अडला ते, मग दोन्ही वाचकांची नावे आणि फोन नंबर. नावे द्यायची की नाही यावर पुन्हा अर्धा तास गेला. निबंध नाव झाकून वाचला असेल तर वाचणाऱ्यानेही नाव झाकावे, असे एकाचे म्हणणे होते. दुसरी म्हणाली, अर्ज करणाऱ्याचे नाव झाकणे हा त्याचा हक्क आहे. आपले नाव झाकले तर तो आपला अधिकार होईल.

सात पत्रे गेली. त्यांतल्या तिघांचे फोन आले.